तुझा अठरा तास तीन मिनिटांचा हिशेब

प्रिय गाढवास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्राला फार उशीर झाला. कारणं सांगत बसत नाही, तुला ती पाठ आहेत. इकडे सगळं ठीक. गुडघा आहे तसाच, रक्तदाब गोळीच्या ताब्यात. झालं तब्येतीचं.

तुझा तो सिंगापूरहून ब्राझीलमधल्या साओ पाउलोला जायच्या प्रवासाचा कागद वाचल्यापासून मात्र डोकं ठिकाणावर नाही. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, दोन तासांचा फरक आहे, एवढं काय? तुला कळेल, कारण एका आकड्यासाठी आपण रात्र रात्र भांडलोय. तू लिहितोस: सिंगापूर ते न्यूयॉर्क १५,३४९ किमी, अठरा तास तीन मिनिटं. न्यूयॉर्क ते साओ पाउलो ७,६६० किमी, नऊ तास एक मिनिट. आणि खाली दोन रेघा मारून: ‘मध्ये जवळजवळ साडेतीन तास, आरामात कॉफी.’ ती ‘तीन मिनिटं’ बघून मला हसू आलं आणि कॉफी बघून धडकी भरली.

किलोमीटरशी माझं भांडण नाही, ते बरोबर आहेत. कागद-पेन्सिल घे. सिंगापूरचं चांगी विमानतळ विषुववृत्ताच्या उत्तरेला १.३६ अंशांवर आणि न्यूयॉर्कचं केनेडी ४०.६४ अंशांवर. दोघांच्या रेखांशांत १७७.७७ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ समोरासमोरच. अशा वेळी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जाते. मग त्रिकोणमिती कशाला हवी? चांगीपासून ध्रुव ८८.६४ अंश, ध्रुवापासून केनेडी ४९.३६ अंश, बेरीज १३८. एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल १.८५२ किमी. गुणाकार कर, १५,३३५ च्या आसपास येईल. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७, म्हणून दहा-पंधरा किमी इकडे तिकडे. तो भिंतीवरचा नकाशा आणि मी पृथ्वीगोलावर ताणलेली दोरी आठवते ना? तू म्हणालास दोरी ढिली आहे. दोरी ढिली नव्हती. मास्तरांनीही तेव्हा माझीच बाजू घेतली होती, हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.

खोट आहे ती तासांत. तो आकडा कोणी मोजलेला नाही, तो भागाकार आहे. १५,३४९ ला १८ तास ३ मिनिटांनी भाग, बरोबर ८५० येतात. ७,६६० चंही तेच. म्हणजे कोणीतरी ठोक ताशी ८५० किमी धरले, सगळ्या जगाला तेच लावले आणि उत्तर मिनिटांत छापलं. ९०० धरले असते तर पहिल्या टप्प्याला सतरा तास आले असते, ८०० धरले असते तर एकोणीस तासांच्या वर. भाजकात एवढा बदल केला की उत्तर दोन तासांनी हलतं, आणि तू त्यातल्या तीन मिनिटांवर विश्वास ठेवून बसलायस!

लांब पल्ल्याची आजची विमानं मॅक ०.८५ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास उडतात. अकरा किमी उंचीवर हवा प्रमाण हिशेबाने उणे ५६.५ अंश असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी, त्याचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे ९०३. ध्रुवाकडे हवा आणखी गार, उणे ६५ च्या घरात गेली की तोच मॅक आकडा ठेवूनही विमान ताशी वीसेक किमी हळू जातं. तिथे इंधनाचीही काळजी असते. जेट ए-वन उणे ४७ ला गोठतं, साधं जेट ए उणे ४० ला. त्यामुळे टाकीतलं तापमान खाली जाऊ लागलं तर उंची बदलायची, वेग वाढवायचा किंवा वाटच वाकडी करायची.

पण हे सगळे आकडे हवेतले, जमिनीवरचे नाहीत. विमान हवेत ९०० ने जातं आणि हवा स्वतःच चालत असते. ९,००० किमीचा टप्पा घे. वारा नसेल तर दहा तास. ताशी १०० किमीचा वारा पाठीमागून असेल तर नऊ. तोच समोरून असेल तर सव्वाअकरा. जाऊन-येऊन सव्वावीस, वीस नव्हे. येताना वाऱ्याने घेतलेलं जाताना पुरतं परत मिळत नाही, कारण उलट वाऱ्यात तू जास्त वेळ अडकलेला असतोस. आणि कृपा करून पुन्हा पृथ्वी फिरते ते काढू नकोस. हेलिकॉप्टर वर टांगून ठेवलं की खालून देश सरकत जातील, हा तुझा सिद्धांत मी अजून लोकांना सांगून हसवतो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते बाबा. पूर्वेकडे जाताना वेळ वाचतो तो जेट स्ट्रीममुळे, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्यामुळे. हा वारा पहिल्यांदा नीट मोजणाऱ्यांपैकी एक जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी. त्याने १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या जागतिक भाषेत छापला, जगाला सहज वाचता यावा म्हणून! तो कोणी वाचला नसणार, हे वेगळं सांगायला नको. तुझ्याही तेव्हाच्या एस्परांतोच्या वेडाचं काय झालं?

वाऱ्याची किंमत किती, ते दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या वाटेवर बघ. गोलावर सरळ मोजलं तर १२,४०० किमीच्या आत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने अटलांटिकची वाट सोडून पॅसिफिकवरून विमान नेलं. अटलांटिकवरून ते सुमारे १३,९०० किमी उडत असे, पॅसिफिकवरून १५,३०० झाले. चौदाशे किमी जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर. अंतर वाढलं आणि वेळ घटला. तुझा भागाकार इथे काय करणार? दुसऱ्या टोकाला, फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं. एरवी त्या बाजूने सातेक तास धरतात आणि उलट येताना आठ.

तुझं विमानही ध्रुवावरून जाईल असं धरू नकोस. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाताना ते बहुधा पॅसिफिक ओलांडतं, हजाराच्या वर जास्त किमी तुडवून, कारण तिथे वारा पाठीशी मिळतो. परतताना त्याच वाऱ्याला चुकवायला दुसरी वाट धरतात. त्यासाठी खास ए३५०-९०० यूएलआर हे अति लांब पल्ल्याचं विमान वापरतात: इंधन १,६५,००० लिटर, माणसं फक्त १६१. वेळापत्रकात दोन्ही बाजूंना साडेअठरा ते एकोणीस तास असतात. तुझ्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त धर.

त्या वाढीव मिनिटांत आणखीही एक गोष्ट दडलेली आहे. वेळापत्रकातला वेळ चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं, उतरायला दोनेकशे किमी आधीपासून कमी केलेला वेग, गर्दी असेल तर वर घिरट्या, आणि उतरल्यावर गेट रिकामं नसेल तर तिथेही उभं राहणं. हे सगळं १५,३४९ च्या भागाकारात कुठेच नाही. छोट्या टप्प्यात तर हाच भाग अर्धा वेळ खातो, म्हणून जवळच्या विमानतळांना ८५० चा भाजक लावला की उत्तर हास्यास्पद येतं. लांबच्या टप्प्यात ते पचून जातं आणि म्हणूनच फसायला होतं.

आकाशाला कुंपणं असतात हेही विसरू नको. हेलसिंकी ते टोकियो गोलावर ७,८०० किमीच्या आसपास, रशियावरून नऊ-साडेनऊ तास लागायचे. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाली तशी फिनलंडच्या फिनएअर कंपनीला ध्रुवावरून फिरून जावं लागलं, तेरा तास. विमानतळ जागेवरच, किलोमीटरचं उत्तरही तेच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना मध्येच युरोपात उतरून इंधन भरावं लागलं. म्हणून प्रवासाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तेच विमान प्रत्यक्ष किती वेळात पोचलं ते बघायचं. एक दिवस बघून भागत नाही, सलग काही दिवस बघ आणि त्यातला सर्वांत वाईट दिवस धरून चाल.

आता ज्यासाठी हे सगळं रामायण, तो तुझा रविवार.

तू निघतोस मार्चच्या दुसऱ्या रविवारी. दुपारी बाराला धरू, हिशेबाला सोपं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्रीचे अकरा वाजलेले असतात, फरक तेरा तासांचा. तू बारात अठरा तास तीन मिनिटं मिळवलीस, तेरा वजा केलेस आणि लिहिलंस, ‘रविवारी संध्याकाळी ५:०३.’ पण अरे, अमेरिकेची घड्याळं त्याच रविवारी पहाटे दोनला एक तास पुढे सरकतात! तू हवेत असताना. उतरशील तेव्हा फरक बाराचा झालेला असेल. अठरा तास चाळीस मिनिटांच्या खऱ्या वेळाने गेटवर संध्याकाळी ६:४० ला लागशील. चाळीस मिनिटं भागाकाराने खाल्ली आणि तास घड्याळाने. (युरोप घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी हलवतो, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क-लंडनचा नेहमीचा पाच तासांचा फरकही चारच असतो. या दिवसांत तोंडी हिशेब करायचाच नाही. तिकिटावरची उतरण्याची वेळ स्थानिक असते आणि बरोबर असते. ती न बघता तू पेन्सिल का उचललीस, हे मला कोडंच आहे.)

पुढचं विमान ८:३० चं. म्हणजे साडेतीन तास नाहीत, एक तास पन्नास मिनिटं. त्यातही तिकीट वेगळं. आंतरराष्ट्रीय विमानाचं सामान बहुतेक ठिकाणी तासभर आधी घेणं बंद करतात, म्हणजे ७:३० ला काउंटर बंद. राहिली पन्नास मिनिटं. तेवढ्यात विमानातून बाहेर पडायचं, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्स, एअरट्रेनने, म्हणजे विमानतळावरच्या गाडीने, दुसऱ्या टर्मिनलला जायचं आणि पुन्हा रांग लावायची. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी देशात शिरावंच लागतं, आतल्या आत दुसऱ्या गेटला जायची सोय नाही. आपल्या पासपोर्टला त्यासाठीही व्हिसा लागतो, तो आहे ना? कारण त्याबद्दल कागदावर एक अक्षर नाही.

आणि विमान चुकलं तर? एका तिकिटावर असतास तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. दोन तिकिटांवर दुसरी कंपनी म्हणणार, साहेब, तुम्ही आलाच नाहीत. मग त्या तिकिटावरचं परतीचंही अंग बहुतेक वेळा रद्द होतं. हे लोकांना फार उशिरा कळतं.

मला कळेना, न्यूयॉर्क मध्ये आलंच कुठून? मग लक्षात आलं. तुझे ते विमानप्रवासावर बक्षीस म्हणून जमवलेले मैल! ते संपवायला तू जगाला वळसा घालायला निघालायस. बघ: सिंगापूर ते साओ पाउलो गोलावर १६,००० किमी. तुझ्या वाटेने २३,०००. दुबईवरून १८,०६० च्या आसपास. आणि जोहान्सबर्गवरून? सिंगापूर-जोहान्सबर्ग ८,६५०, जोहान्सबर्ग-साओ पाउलो ७,४४०, एकूण १६,१०० च्या आत. सरळ रेषेपासून जेमतेम शंभर किमी बाजूला! भिंतीवरच्या नकाशात हे कधी दिसलं नसतं, कारण तिथे ब्राझील एका कडेला आणि सिंगापूर दुसऱ्या. इथेच थांबतो, मास्तरांना पुन्हा मध्ये आणत नाही.

या वाटेला वारा मात्र समोरचा. पहिला टप्पा पावणेअकरा तासांचा धर, दुसरा दहाच्या घरात, परतताना तोच साडेआठपर्यंत येतो. रात्री दीडला निघालास तर जोहान्सबर्गला सकाळी सव्वासहा, फरक सहा तासांचा. अकराचं पुढचं विमान मिळालं तर साओ पाउलोत दुपारी चार, तिथला फरक पाच. सगळं मिळून साडेपंचवीस तास. न्यूयॉर्कवरून सगळं सुरळीत झालं तरी सव्वातीस. दुसऱ्या टप्प्यावर रोज विमान असेलच असं नाही, वार बघूनच पहिलं तिकीट ठरव. दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूर, दोघांच्या कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या, तेव्हा एकाच तिकिटावर बसवून दे म्हण, म्हणजे बॅगही थेट साओ पाउलोपर्यंत जाईल. तुझे लाडके मैल तिथेही चालतात का ते विचार. जागा कमी असतात, फोन आजच कर.

परतीचं तर तू आणखी मजेशीर लिहिलंयस. न्यूयॉर्कहून बुधवारी रात्री साडेदहाला निघून ‘गुरुवारी कामावर हजर’. बुधवार रात्री साडेदहा अधिक १८ तास ५० मिनिटं, म्हणजे न्यूयॉर्कचे गुरुवार संध्याकाळचे ५:२०. त्यात बारा मिळव. शुक्रवार पहाट! तिकिटावर वेळेपुढे बारीक अक्षरात +२, म्हणजे दोन दिवसांनंतर, असं असतं, ते शोभेला नाही. साहेबाला रजेचा अर्ज आत्ताच दुरुस्त करून दे. सामोआ आणि अमेरिकन सामोआ यांच्यामध्ये तर अर्ध्या-पाऊण तासाच्या उड्डाणात माणूस आजचा कालमध्ये पोचतो, फरक बरोबर चोवीस तासांचा. तुला तिथे पाठवायला हवं. रजाच लागणार नाही.

लेकीला साओ पाउलोत किती वाजता यायला सांगितलंयस? न्यूयॉर्कची वाट ठेवलीसच तर तिला हे सांग: ब्राझीलने घड्याळं मागेपुढे करणं २०१९ मध्येच बंद केलं, त्यामुळे त्या रविवारपासून न्यूयॉर्कशी तिचा फरक दोन तासांचा राहत नाही, एक होतो. ८:३० ला निघालेलं विमान पावणेदहा तास धरून तिच्या घड्याळाने सकाळी सव्वासातला पोचेल.

तिची परीक्षा कशी झाली? वहिनींचा खांदा? नव्या घराचं काय झालं ते एका ओळीत तरी कळव, मागच्या वेळी तू मधेच सोडून दिलंस. आणि तो उसना नेलेला पृथ्वीगोल परत करायची इच्छा आहे की नाही?

ठरलं की नवा कागद पाठव. फक्त विमानांचे क्रमांक आणि तिकिटावरच्या वेळा लिही. किलोमीटर मी काढतो.

तुझाच,
दोरीवाला

ता. क. पीतज्वराची लस घेतलीस का? ब्राझीलहून येणाऱ्याकडे सिंगापूरला तिचा दाखला मागतात, आणि लस टोचल्यापासून दहा दिवसांनीच तो ग्राह्य धरतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. ब्राझीलहून परतताना जोहान्सबर्गलाही तोच दाखला मागू शकतात, म्हणून तो हाताशी ठेव. निघायला पंधरा दिवस उरलेत असं म्हणालास, तेव्हा उद्याच जा.